मालवणला एकदा स्कूबा केलंय, आता कोल्हापूरहून अंदमानच्या डिक्सन्स पिनॅकलवर डाइव्हला जाता येईल का?

लगेच नाही, पण एका हंगामात तयारी होऊ शकते.

मालवणची ती ट्राय डाइव्ह. तिथं तरंगण्यासाठीच्या जॅकेटमधली हवा, खोली, वेळ सगळं इन्स्ट्रक्टर सांभाळतो, तुम्ही फक्त श्वास घेता. डिक्सन्स हे स्वराज द्वीप, म्हणजे जुन्या हॅवलॉकजवळचे पाण्यात बुडालेले सुळके. माथाच साधारण 16-18 मीटरवर आणि पायथा 30 च्या खाली. पहिल्या कोर्सनंतर मिळणाऱ्या ओपन वॉटर कार्डाची मर्यादा 18 मीटर, त्यामुळे त्या कार्डावर जेमतेम माथा बघून परत फिरायचं. 30 मीटरसाठी पुढचं अॅडव्हान्स्ड कार्ड लागतं. पहिला कोर्स तीन-चार दिवसांचा, दुसरा दोन-तीन. दोन्ही सलग उरकून पाचव्या-सहाव्या दिवशी पिनॅकलवर नेणारे भेटतील. माझं मत विचाराल तर मध्ये दहा-बारा उथळ डाइव्ह हव्यातच. कोल्हापूरकराला त्यासाठी मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी बेट बरं, मुर्डेश्वरपर्यंत गाडीनं जाता येतं.

उथळ डाइव्हचा आग्रह का, ते हवेच्या हिशोबात दिसतं. नेहमीची अॅल्युमिनियमची टाकी 11 लिटरची, 200 बार दाबाला त्यात साधारण 2,200 लिटर हवा. 50 बार राखीव सोडले की हातात 1,650. नवखा माणूस पाण्याच्या पृष्ठभागावर मिनिटाला सहज 25 लिटर ओढतो. 30 मीटरवर दाब चौपट, म्हणजे 100 लिटर. सोळा मिनिटांत खेळ संपला, आणि वर यायची हवाही त्यातच. शांत श्वास घेणारा 15 लिटरवर असतो, त्याला तिथं 27 मिनिटं पुरेल. पण त्याला नायट्रोजन अडवतो: साध्या हवेवर 30 मीटरची नो-डिकम्प्रेशन मर्यादा, म्हणजे वाटेत सक्तीनं न थांबता वर येता येईल असा वेळ, 20 मिनिटं आहे. नवख्याची हवा त्याआधीच संपते, म्हणून त्यानं नायट्रॉक्सला, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या हवेला, जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. नायट्रॉक्सनं नायट्रोजन कमी होतो, टाकी मोठी होत नाही.

पंचगंगेत पुलावरून उड्या टाकणाऱ्यांना इथं एक सवय मोडावी लागते. पाण्यात हात मारायचे नाहीत. पट्टीचे पोहणारे हात चालवतात, धापा टाकतात आणि टाकी सगळ्यांच्या आधी रिकामी करतात. हात छातीशी, पाय मांडीपासून सावकाश. वजनही जास्त बांधू नका. 50 बार उरलेल्या टाकीनं, जॅकेट रिकामं करून 5 मीटरवर तरंगत थांबता आलं की वजन बरोबर.

सुळक्यावर प्रवाह हीच मोठी अडचण. वाहतं पाणी आडव्या आलेल्या खडकाच्या कडांवरून जोरानं निघतं. मासेही तिथंच असतात, प्रवाहाच्या तोंडाशी: फ्युजिलिअर, स्नॅपर, बराकुडा. उतरताना मूरिंगचा, म्हणजे बोट बांधायचा दोर सोडू नका. सोडलात तर सुळका चुकतो आणि खाली निळ्या पाण्याशिवाय काही दिसत नाही. कान पृष्ठभागापासूनच मोकळे करत जा, दर मीटरला एकदा. दुखायला लागल्यावर नाक दाबून जोर लावू नका, थोडं वर या. सर्दी असेल तर गोळी घेऊन उतरू नका. तिचा असर पाण्यातच ओसरला तर वर येताना हवा कानात अडकते.

आधी सगळ्यात खोल भागाकडे जायचं, तिथं पाच-सात मिनिटं, मग आडोशाच्या बाजूनं गोल फिरत माथ्याकडे. 100 बारला माथ्यावर असायला हवं. खाली कधी कधी गार, गढूळ पाण्याचा थर लागतो. तिथं जोडीदाराच्या हाताच्या अंतरात राहा. चुकामूक झाली तर एक मिनिट शोधा आणि वर या. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटर, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबा. दोर सापडला नाही तर सिग्नलचा नारिंगी फुगा सोडावा लागतो, नाहीतर बोट दुसरीकडे आणि तुम्ही तिसरीकडे. तो सोडायचा सराव नेत्राणीलाच करा.

खडकाला धरू नका. विंचूमासा दगडासारखाच दिसतो आणि त्याचे काटे विषारी. टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असताना अंगावर येतो. त्याची हद्द खालून वर रुंदावत जाते, म्हणून वर न पळता आडवं निघायचं. प्रवाळाचा तुकडा खिशात घालणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे.

हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. पाणी 27-30 अंश, 3 मिलिमीटरचा सूट पुरतो. दमा, हृदयविकार किंवा कानाचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांचं पत्र कोल्हापूरहूनच घेऊन जा.

अनेक डाइव्हनंतर विमानात बसायला निदान 18 तास जाऊ द्या. हे बहुतेकांना माहीत असतं, घाटाचं मात्र कुणी सांगत नाही. विमानाचा हा सल्ला 600 मीटरच्या वरच्या उंचीपासून लागू होतो. आंबोली 690 मीटरच्या आसपास, बेळगाव 750. नेत्राणीला दोन खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढायचा नाही, रात्र किनाऱ्यावरच काढा आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघा.