बॅकहो उतरवताना आणि पुन्हा जोडताना

मृग जवळ आला की ट्रॅक्टरमागचा बॅकहो (खोदकामाचा यांत्रिक हात) उतरवून तिथे पेरणीयंत्र लावायची घाई होते. या अंकात त्याच कामाचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या ३० एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरला सबफ्रेमवर (ट्रॅक्टरखाली बोल्टने बसवलेल्या लोखंडी चौकटीवर) बसणारा बॅकहो आहे. उन्हाळ्यात ठिबकच्या मेन लाइनसाठी चर खोदले. उतरवताना डावीकडची पिन निघेना, शेवटी घणाने ठोकून काढली. ती निघताच सांगाडा झटक्याने खाली बसला. काय चुकले?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : पिनेवर भार होता. पिन निघत नसेल तर घण उचलण्याआधी हे तपासायचे. या आकाराचा बॅकहो ४०० ते ५०० किलोचा असतो. अडवणारी पिन ठोकून काढली की ते वजन वाट मिळेल तिकडे जाते, आणि तुमचा हात तिथेच असतो. भार काढायचा तो बॅकहोच्याच जॅकने (दोन्ही बाजूंच्या टेकू-पायांनी) आणि बूमने (खोदणाऱ्या हाताच्या मुख्य दांड्याने).

ट्रॅक्टर कठीण, सपाट जागेवर उभा करा. गिअर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक लावलेला, पुढच्या चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे. बूम बरोबर मधोमध हवा. तो जरा तिरका राहिला तरी सांगाडा एका अंगाला कलतो; एकाच बाजूची पिन अडकली याचे कारण बहुधा हेच. बकेटचा तळ जमिनीवर सपाट टेकवा आणि दोन्ही जॅक सारखेच खाली घ्या. मागच्या टायरचा फुगवटा किंचित कमी झाला की थांबा. चाके उचलली गेली तर भार उलट दिशेने येतो आणि पिन पुन्हा आवळते.

इंजिन बंद करून पिन हाताने फिरवून पाहा. सहज फिरली तर भार गेला. नाही फिरली तर सीटवर बसून इंजिन चालू करा, जॅक बोटभर वर किंवा खाली घ्या, इंजिन बंद करून पुन्हा पाहा. वेळ लागतो, पण दुसरा सुरक्षित मार्ग नाही. खाली उभे राहून लिव्हर ओढायचे तर अजिबात नाही.

बऱ्याच छोट्या बॅकहोंना खाली आकडे (हुक) आणि वर दोन पिना असतात. तुमच्या मॉडेलचा क्रम पुस्तिकेत पाहा. पिना निघाल्यावर बूम आणि जॅकने सांगाडा आकड्यांतून हळूहळू मोकळा करा आणि मुख्य सांगाड्याखाली लाकडी ओंडके किंवा स्टँड द्या. मग इंजिन बंद करून प्रत्येक लिव्हर दोन्ही बाजूंना तीन-चार वेळा हलवा, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकलेला दाब उतरतो. त्यानंतरच होज (ऑईलच्या रबरी नळ्या) सोडा. सबफ्रेमच्या मागे एक फेरी मारून काही अडकलेले नाही ना ते बघा आणि सगळ्यात खालच्या गिअरमध्ये सरळ पुढे जा. त्या वेळी ट्रॅक्टर आणि बॅकहोच्या मध्ये कोणी उभे राहू नये.

एक गोष्ट हमखास राहून जाते. ट्रॅक्टरच्या पंपाचे ऑईल थेट बॅकहोमधून फिरून परत येत असेल, तर बॅकहो काढल्यावर ट्रॅक्टरकडच्या त्या दोन होज एकमेकींना जोडाव्या लागतात. नाहीतर ऑईलला परतीचा रस्ताच राहत नाही. इंजिन चालू करताच जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळतो, ऑईल तापते आणि पंप जातो.

प्रश्न : शेडबाहेर ठेवलेला बॅकहो मोसंबीचे खड्डे घ्यायला जोडायला गेलो, तर होज जोडणारा कपलर बसेचना. एकाने खिळ्याने आतली गोळी दाबून ऑईल सोडायला सांगितले. करावे का?
– एक वाचक, भोकरदन, जि. जालना

उत्तर : करू नका. गोळीची बैठक खराब झाली की तो कपलर कायमचा गळतो, शिवाय दाबातले ऑईल थेट डोळ्यांकडे उडते.

दोन्ही तोंडे बंद असताना होजमधले ऑईल उन्हाने फुगते. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आकारमान सुमारे ०.७ टक्का वाढते. ऐकायला थोडे वाटते, पण फुगायला जागाच नसल्याने दाब इतका चढतो की हाताच्या जोराने कपलर दबत नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंशांत काळ्या रबराची होज त्याहून कितीतरी जास्त तापते.

साधा उपाय असा की जोडणी पहाटे करा, किंवा होजवर ओले बारदान टाकून तासभर थांबा. तरीही बसला नाही तर गॉगल घालून, जाड फडके गुंडाळून, कपलरच्या मागचा नट पाव फेरा सैल करा. ऑईल झिरपून थांबले की पुन्हा आवळा. पुढच्या वेळी मात्र काम संपल्यावर ऑईल कोमट असतानाच होज सोडा. नंतर ते थंड होऊन आकसते आणि दाब उरत नाही. थंड सकाळी सोडली तर दुपारी पुन्हा तेच.

कपलरला टोप्या लावाच. टोपी नसेल तर कुंभारीण माशी तोंडात मातीचे घर करते. छोट्या ट्रॅक्टरांत बहुधा लिफ्टचे आणि गिअरबॉक्सचे ऑईल एकच असते, म्हणजे ती माती सगळीकडे फिरते.

प्रश्न : मागच्या वर्षी बॅकहो काळ्या रानातच उतरवून ठेवला. दिवाळीनंतर पाहिले तर एक बाजू वीतभर खचलेली आणि जॅकही आत गेलेले. सील गेले असतील का?
– एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : लगेच सील बदलू नका. व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (लिव्हरने सरकणाऱ्या आतल्या दांड्याजवळून) ऑईल अगदी सावकाश सरकतच असते. चांगल्या बॅकहोचे जॅकही काही आठवड्यांत थोडे बसतात. म्हणून साठवणुकीत वजन सिलिंडरवर कधीच सोडायचे नाही, ते ओंडक्यांवर किंवा स्टँडवरच हवे. सिलिंडरबाहेर ऑईल ओघळले असेल तर मात्र सील पाहा.

खचण्याचा दोष जमिनीचा. काळी माती पावसात फुगते, मऊ पडते आणि उन्हात भेगाळते. मुरूम दाबून केलेली जागा किंवा सिमेंटचा कोबा हवा. कोबाच असला तरी प्रत्येक जॅकखाली दोन इंची फळी घाला.

सिलिंडरचे रॉड जमेल तेवढे आत घ्या. बाहेर राहिलेल्या चकचकीत भागावर ग्रीसचा जाड थर द्या. तिथे गंजाचा एक ठिपका पडला तरी तो रॉड आत-बाहेर होताना सील कापत जातो. पिना पुसून, ग्रीस लावून त्यांच्याच भोकांत अडकवा. लॉक पिना डबीत ठेवल्या की हरवतात.

प्रश्न : जोडल्यावर बूम झटके देतो आणि पंप घरघरतो. ऑईल भरलेले आहे.
– एक वाचक, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : इंजिन बंद करून आधी परतीचा कपलर पाहा. तो अर्धवट बसला तर वरून जोडलेला दिसतो, पण आतली झडप बंदच असते. पाठवलेल्या ऑईलला परत यायला वाट नसली की होज किंवा सील फाटते. कपलर खटकन बसला पाहिजे आणि ओढून निघता कामा नये.

तो नीट असेल तर हवा अडकली आहे. इंजिन कमी आरपीएमवर ठेवून प्रत्येक लिव्हर पूर्ण लांबीपर्यंत चार-पाच वेळा चालवा. मग सगळे सिलिंडर आत घेऊन, इंजिन बंद करून पातळी मोजा. सिलिंडर बाहेर असताना मोजलेली पातळी फसवते. ऑईल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, ते बदला.

गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. दाबातल्या ऑईलची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी थांबू नका, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा.

दाबाची आणि परतीची होज उलटसुलट होऊ नये म्हणून एकीला नर आणि दुसरीला मादी कपलर बसवून घ्या. रंगीत पट्टी निघून जाते, ही सोय टिकते.

प्रश्न : बॅकहो काढल्यावर सबफ्रेम ट्रॅक्टरलाच ठेवली तर चालते का?
– एक वाचक, गेवराई, जि. बीड

उत्तर : नांगरटीला, वाहतुकीला चालते. उभ्या सोयाबीनमध्ये, कपाशीत कोळपणी करायची असेल तर काढा; ती खाली लोंबते आणि झाडे मोडते. परत बसवल्यावर बोल्ट टॉर्क रेंचने आवळा आणि पहिल्या १० तासांनंतर पुन्हा तपासा. पुढे लोडर असेल तर आणखी एक काळजी घ्या. बॅकहो गेला की मागचे वजनही जाते, आणि भरलेली बकेट उचलताच मागची चाके उचलली जातात. तेव्हा मागे वजन लावल्याशिवाय लोडर चालवू नका.