वेलीला आधी स्ट्रिंग लावा: वाचकांची प्रश्नोत्तरे

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममधल्या वेलींबद्दल तेच ते गोंधळ पुन्हा पुन्हा येताहेत, म्हणून आज फक्त वेली. प्रश्न पाठवताना गेमची जावा आवृत्ती (संगणकावरची) की बेडरॉक (मोबाइलवर चालते ती), एवढं लिहा, असं मी दर वेळी सांगतो. फारच थोडे लिहितात. खालची उत्तरं जावाची आहेत. मोबाइलवर खेळणाऱ्यांनी आधी एका रिकाम्या वर्ल्डमध्ये करून पाहावं.

वेल तोडली की नाहीशी होते, हातात काहीच येत नाही. असं का? (सातवीतला विद्यार्थी, वारजे)

कात्री हवी. दोन आयर्न इनगॉट (लोखंडाच्या विटा) क्राफ्टिंगमध्ये तिरपे ठेवले की बनते.

खूप फिरलो, पण जंगल बायोम (जंगलाचा प्रदेश) सापडत नाही. वेल आणू कुठून? (कर्वेनगर)

जंगलच लागतं हे कुणी सांगितलं? स्वॅम्पमधल्या (दलदलीतल्या) झाडांवरूनही वेली लोंबत असतात. भटका व्यापारीही कधी कधी पाचू घेऊन वेल देतो. गुहेच्या भिंतीला चिकटलेलं, मंद उजेड देणारं ग्लो लायकन मात्र वेल नव्हे. कात्रीने तेही निघतं, पण त्यावर चढता येत नाही. सर्व्हरवर खेळत असाल तर निघण्याआधी ॲडमिनला विचारा. कुणीतरी आधीच आणलेली असते आणि सुरुवातीला एक तुकडा पुरतो.

मित्र म्हणतो, बोन मील (हाडांचं खत) टाकलं की वेल झपाट्याने वाढते. मी टाकतो तर काहीच होत नाही. (नववीतली विद्यार्थिनी, बिबवेवाडी)

मित्राने स्वतः करून पाहिलंय का, हे आधी विचारा. साध्या वेलीवर बोन मील चालत नाही. बाल्कनीतल्या मधुमालतीला माती, पाणी, ऊन, खत सगळं लागतं. या वेलीला यातलं काहीच लागत नाही. भिंत आणि समोर रिकामी जागा मिळाली की ती अंधारातही पसरते. बोन मील चालतं ते 2020 मध्ये नेदरमध्ये (गेममधल्या पाताळात) आलेल्या वीपिंग आणि ट्विस्टिंग व्हाइनवर. 2021 मध्ये आलेल्या गुहेतल्या वेलींवर टाकलं तर ग्लो बेरी धरतात. तीन वेगळ्या वेलींचे नियम एकत्र कालवून सांगितले जातात, आणि तुमच्यासारख्यांच्या दुपारच्या दुपारी वाया जातात.

सोसायटीतल्या मुलांनी मिळून शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बांधलाय. शोभेसाठी कमानीवर दोन वेली सोडल्या. तीन आठवड्यांत बुरूज, खिडक्या, सगळं झाकलं गेलं. रविवारी सगळ्यांना दाखवायचंय. मोठी मुलं म्हणतात, पेटवून देऊ. (पालक, सिंहगड रस्ता)

पेटवू देऊ नका. आज संध्याकाळीच मुलांना सांगा. वेल पेट घेते आणि आग शेजारच्या लाकडाला धरते. खरा वाडा 1828 च्या आगीत असाच गेला. लाकडी महाल जळाले, दगडी तट उरला. तुमच्या मुलांनी आत लाकडी मजले आणि दारं केली असतील, तर तीही जातील.

आता हे झालं कसं, ते समजून घ्या. वेल आजूबाजूला आणि वर पसरते तेव्हा गेम नऊ बाय नऊ ब्लॉक रुंद आणि तीन ब्लॉक उंच एवढी जागा तपासतो. तिथे पाच वेली असल्या की तो फैलाव थांबतो. पण खाली वाढायला ही अट नाही. कमानीच्या माथ्यावरची एक वेल जमिनीपर्यंत उतरते, वाटेत प्रत्येक पातळीवरून बाजूला हातपाय पसरते, तिथून पुन्हा खाली. पहिल्या चार दिवसांत दोन-तीन हिरवे चौकोन दिसतात, छान वाटतं, कुणी हात लावत नाही. मग तुमच्यासारखं पत्र येतं. शिबिरात मी दर उन्हाळ्यात हेच बघतो, आणि दर वेळी उत्तर येतं, ‘नंतर बघू म्हटलं होतं.’ वेल लावाल त्याच दिवशी तिच्या शेवटच्या ब्लॉकखाली स्ट्रिंग (दोरा) लावा. गेममधला कोळी (स्पायडर) मारला की मिळते. लावल्यावर बारीक रेघ दिसते, चार पावलं मागे गेलात की तीही दिसत नाही. खालची जागा भरली, वेल तिथून खाली उतरत नाही. वेलीच्या टोकाला कात्री लावली की वाढ थांबते असंही मुलं सांगतील. ते नेदरच्या आणि गुहेतल्या वेलींचं, साध्या वेलीचं नाही.

तुमच्यापुरतं: वर्ल्डचा बॅकअप घ्या, तो उघडून पाहा, मगच कात्री चालवा. वेलीने दगडाला काही इजा होत नाही, ती निघाली की काम जसंच्या तसं असतं. गेमच्या 1.19.4 आवृत्तीपासून वेलींचा फैलाव बंद करायचा गेमरूलही (वर्ल्डची एक सेटिंग) आहे, पण तो अख्ख्या वर्ल्डला लागू होतो. वर्ल्ड सामायिक आहे, तेव्हा ॲडमिनशी बोलल्याशिवाय त्याला हात लावू नका.

एका व्हिडिओखाली ‘तयार वेलफार्म’चं ॲप फुकट आहे. मुलगा माझ्या फोनवर ओटीपी मागतोय. देऊ का? (आई, धायरी)

नाही. फोन परत घ्या, आणि ओटीपी आधीच दिला असेल तर आता बँकेला फोन करा. वेलफार्म विकत घ्यायची गोष्टच नाही ताई: उंच भिंत, माथ्यावर एक वेल, हातात कात्री. वरची वेल राखायची आणि कापणी खालून वर करायची. हवेत लोंबणारी वेल वरून कापली तर खालची सगळी गळून जाते, हाती एकच येते. मुलगा कुठून काय उतरवतो, ते त्याच्या शेजारी बसून एकदा बघा.

मॉसी कॉबलस्टोनसाठी (शेवाळलेल्या दगडासाठी) वेलीच लागतात का? (एरंडवणे)

नाही. मॉस ब्लॉकही चालतो, आणि मॉस बोन मीलने पसरतं.

उंचावरून पडताना वेल पकडली तर वाचतो का? (पाचवीतला विद्यार्थी, हडपसर)

हो. स्नीक (दबकून चालायचं बटण) दाबून ठेवलंस तर तिथेच लटकून राहशील. आधी क्रिएटिव्ह मोडमध्ये, जिथे पडून मरत नाहीस, सराव कर.