मठ बांधायच्या आधी मे महिन्यातली विहीर बघा

प्रश्न (देवगड तालुका): आमच्या सत्संग मंडळाची सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) जमीन आहे, ५० खोल्यांचं भक्तनिवास बांधायचं ठरलंय. इंजिनिअर म्हणतो बोअर मारू, पाण्याचं टेन्शन नको. बरोबर आहे का?

दादा, बोअरच्या आधी मे महिन्यात खालच्या वाडीतल्या विहिरीत दोरी सोडा आणि किती हात भिजते ते विश्वस्तांनी स्वतः बघा. आपल्याकडे ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो तरी एप्रिलपासून बायका हंडे घेऊन फिरतात, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही, सड्यावर पडलेलं पाणी झिरपत खाली वाडीच्या झऱ्याला येतं आणि उरलेलं व्हाळातून (ओढ्यातून) दर्याला जातं. म्हणून नुसत्या बोअरच्या भरवशावर राहू नका, छपरावरच्या पावसाच्या पाण्याचा हिशोब करा. १००० चौरस फूट छपरावरून वर्षाला २ लाख लिटर सहज मिळतं, पण १०० माणसं रोज ७० लिटर वापरणार म्हणजे ७००० लिटर, ते महिनाभरसुद्धा पुरत नाही. आणि २ लाख लिटर साठवायला १० मीटर लांब, १० मीटर रुंद, २ मीटर खोल टाकी लागते! म्हणून आधी टाकीची जागा ठरवा मग खोल्या मोजा. माझं मत विचाराल तर १२-१५ खोल्या बस, उत्सवाला जादा येणारे भक्त गावातल्या घरांत उतरू देत, चार पैसे त्या घरांना मिळतील. आणि संडासाला साधा शोषखड्डा अजिबात नको, ज्या वाटेने पाणी झिरपतं त्याच वाटेने मैलापण विहिरीत उतरतो. मैल्याची टाकी पक्की बांधा, आंघोळीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून बागेला घाला.

प्रश्न (राजापूर): गोशाळेसाठी २० गीर गाई आणायचा विचार आहे, गोबरगॅसपण करायचाय.

गीर कोरड्या हवेतली गाय, आपल्या चार महिन्यांच्या ओलीत तिचे हाल होतात. आपली कोकण कपिला घ्या, अंगाने लहान, दूध कमी देते हे खरं, पण डोंगरउतारावर चरते, पावसाला आणि उकाड्याला टिकते. २ घनमीटरच्या गोबरगॅसला रोज साधारण ५० किलो शेण लागतं आणि दिवसभर रानात चरणाऱ्या गाईचं निम्मं शेण रानातच पडतं, तेव्हा हिशोब रात्री गोठ्यात पडणाऱ्या शेणाचाच धरा.

प्रश्न: ट्रस्टच्या नावावर शेतजमीन घेता येते का?

कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबारा सामायिक असेल तर मुंबईतल्या हिस्सेदारांच्या सह्यापण आधीच घ्या.

प्रश्न (संगमेश्वर): नवीन सभामंडपासाठी देवराईतली ८-१० झाडं तोडावी लागतील असं कमिटी म्हणते. मी गावातलाच, काय बोलू?

बोलच बाबा, गप्प राहू नकोस. म्हाताऱ्या माणसांना विचार, राईतली काठीसुद्धा देवाला कौल लावल्याशिवाय कोणी आणत नव्हतं. ज्या झाडाला मोठी ढोली असते तिथेच धनेश पक्ष्याची मादी स्वतःला आत लिंपून घेते, फक्त चोचीएवढी फट ठेवते आणि नर तिला बाहेरून फळं भरवतो. असं झाड व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात, मंडप कुठेही होतो. मंडप राईबाहेर घ्या असं ग्रामसभेत लेखी दे.

प्रश्न (कुडाळ): आमच्याकडे तरुण सेवेकरी भरपूर आहेत, त्यांना काय काम देऊ?

ताई, दिवाळी झाली की व्हाळ वाहता असतानाच वनराई बंधारा घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीने पाऊण भरायच्या, तोंड शिवायचं आणि विटांसारखी सांधमोड करून रचायच्या, मधल्या फटीत चिकणमाती चेपायची. ३०-४० पोरं एका दिवसात करतात, खर्च जवळपास नाहीच, आणि आजूबाजूच्या विहिरींना पाणी जास्त दिवस राहतं. फक्त मे संपायच्या आत गोणी काढायला विसरू नका, नाहीतर पहिल्या पुरात काठ फुटून शेजारच्याची भातखाचरं जातील.