व्हेप घरी बनवावा की तयार घ्यावा? दोन्ही केलेल्या माणसाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मास्टर्ससाठी बर्मिंगहॅमला आलात, सिगारेट सोडायची आहे, डिस्पोजेबल, म्हणजे एकदा वापरून फेकायचे व्हेप (ई-सिगारेट) आता दुकानात मिळत नाहीत, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा हाताशी आहे. मग घरीच मॉड, म्हणजे व्हेपचा सेल आणि बटण असलेला मुख्य भाग, बनवला तर स्वस्त पडेल का, आणि तो विकतच्यापेक्षा चांगला होईल का?

स्वस्त पडणार नाही. चांगला होऊ शकतो, पण तुमचा हेतू सिगारेट सोडण्याचा असेल तर पहिला मॉड तयारच घ्या. घरी बनवायची हौस आहे तर कॉइल बनवा, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणारी तारेची गुंडाळी. आता कारणं सांगतो.

मी पुण्यात असताना बारा वर्षं सिगारेट ओढली. २०१४ मध्ये कॉव्हेंट्रीला आलो आणि इथे व्हेपवर आलो. पुढच्या तीन वर्षांत घरी तीन बॉक्स मॉड, म्हणजे डबीच्या आकाराचे मॉड, बनवले. तेव्हा त्याला अर्थ होता. २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञाने आजच्या ई-सिगारेटचं मूळ रूप तयार केलं. त्यानंतर बाजारात आली ती सिगारेटसारखी दिसणारी बारीक नळी, आणि तिची बॅटरी तासा-दोन तासांत मान टाकायची. म्हणून लोकांनी टॉर्चच्या नळीत मोठा सेल घालून, वर कनेक्टर बसवून आपापले व्हेप बनवले. मॉड हा शब्द तिथूनच आला, मूळ वस्तूत केलेला फेरफार म्हणून. लोक घरी बनवत होते कारण त्यांना हवी ती वस्तू दुकानात नव्हती. आज ती आहे, आणि तीसुद्धा शॉर्ट सर्किट ओळखणारी, सेल उलटा घातला तर चालू न होणारी, दहा सेकंदांनी आपोआप बंद होणारी.

खर्चाचं माझं गणित सांगतो. शेवटचा बॉक्स मी डीएनए ७५ या तयार चिपच्या बोर्डावर बनवला. बोर्ड, ॲल्युमिनियमची डबी, लिक्विडची टाकी बसवायचा ५१० कनेक्टर, सेल बसवायचा साचा (स्लेड), जाड सिलिकॉन वायर, बटण असं सगळं धरून नव्वद पौंडांच्या आसपास गेले. डबीला खिडकी पाडताना एक डबी वाया गेली ती वेगळी. तेवढंच काम करणारा तयार मॉड टाकीसकट तीस-चाळीस पौंडांत मिळत होता. कंपनी हजारोंनी बोर्ड घेते, आपण एक घेतो, त्यामुळे हा हिशेब आपल्या बाजूने कधीच लागत नाही.

पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट सांगायची आहे. माझा दुसरा बॉक्स मॉस्फेटचा, म्हणजे एका इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारा होता. त्यात चिप वगैरे काही नसतं. दोन १८६५० आकाराचे सेल पॅरलल, बटण मॉस्फेटच्या गेट या पायाला व्होल्टेज देतं आणि मॉस्फेट कॉइलकडे करंट सोडतो. गेट आणि सोर्स या दोन पायांच्या मध्ये १५ किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो. बटण सोडलं की गेटवर उरलेला चार्ज त्यातून निघून जातो आणि मॉस्फेट बंद होतो. माझ्या बॉक्समध्ये नेमका त्या रेझिस्टरचा एक पाय ड्राय सोल्डर, म्हणजे आतून नीट न चिकटलेला, राहिला होता. वरून पाहिलं तर जोड चकचकीत, मल्टिमीटरवर पण बरोबर. तीन महिने बॉक्स उत्तम चालला.

एका रात्री एक झुरका घेऊन तो मी सोफ्यावर ठेवला आणि चहा टाकायला उठलो. परत आलो तर टाकीतून सरसर आवाज येत होता. बटणाला कोणाचा हात नव्हता. कॉइल ०.३ ओहमची, सेल नुकतेच भरलेले. म्हणजे ४.२ भागिले ०.३, चौदा अँपिअर, जवळजवळ साठ वॅट सतत चालू. कापूस जळल्याचा तो कडवट वास अजून नाकात आहे. झाकण चुंबकाचं होतं म्हणून झटकन निघालं. सेल काढेपर्यंत कनेक्टरभोवतीचं प्लास्टिक मऊ पडलं होतं आणि सोफ्याच्या कापडावर रुपयाएवढा तपकिरी डाग. बायको आणि वर्षाची मुलगी शेजारच्या खोलीत झोपल्या होत्या. त्या रात्री मी तो बॉक्स पूर्ण सुटा केला आणि पुन्हा जोडला नाही.

तेव्हा मी सोल्डरिंगमध्ये नवखा नव्हतो. पुण्याच्या तापकीर गल्लीतून इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट आणून कॉलेजात ॲम्प्लिफायर बनवले होते, पुढे नोकरीही त्याच कामाची. पण ॲम्प्लिफायरचा जोड सुटला तर आवाज जातो. इथे जोड सुटला तर आग लागते, आणि वस्तू खिशात किंवा तोंडाजवळ असते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या बातम्यांतून ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना मोजल्या. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये व्हेपच्या स्फोटाने प्रत्येकी एक माणूस गेला. यातलं फ्लोरिडाचं उपकरण मेकॅनिकल मॉड होतं. म्हणजे नळी, सेल आणि बटण, मध्ये संरक्षण काहीच नाही. घरी बनवायला सगळ्यात सोपा तोच. म्हणूनच तो बनवू नका, आणि तयारही घेऊ नका.

आता सेलबद्दल, कारण मॉड तयार घेतलात तरी सेल तुम्हालाच निवडायचा आहे. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. त्यावर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) लिहिलेलं दिसलं तर तिथेच ठेवून द्या. या आकाराचा चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. व्हेपला एमएएचपेक्षा सतत किती अँपिअर देऊ शकतो हे महत्त्वाचं. सॅमसंगचा २५आर घ्या, २५०० एमएएच आणि २० अँपिअर. लोक कॉइलचा ओहम पाहून करंट काढतात. ते मेकॅनिकलला बरोबर आहे, चिप असलेल्या मॉडला नाही. तिथे वॅट धरायचे, आणि सेल उतरलेला असतानाचं व्होल्टेज धरायचं. ७५ वॅट मागितले, सेल ३.२ व्होल्टवर, चिपची कार्यक्षमता ९० टक्के, तर सेलमधून २६ अँपिअर ओढले जातात. २० अँपिअरच्या सेलला ते झेपत नाही. पंधरा वॅटवर ओढलंत तर हाच आकडा पाच अँपिअरच्या थोडा वर येतो. सिगारेट सोडणाऱ्याला पंधरा वॅट भरपूर होतात.

सेलचं रंगीत कव्हर नखाने तपासत जा. बहुतेकांना वाटतं निगेटिव्ह फक्त खालचा बूड. खरं तर सेलचं अख्खं पत्र्याचं अंग निगेटिव्ह असतं, अगदी वरच्या पॉझिटिव्ह टोपीच्या कडेपर्यंत. मध्ये असते ती फक्त एक पांढरी कागदी किंवा प्लास्टिकची चकती आणि ते पातळ कव्हर. कव्हर फाटलेला सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकला की शॉर्ट. नवीन कव्हर काही पेन्समध्ये मिळतं, हेअर ड्रायरने बसतं. सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

तुम्ही आणखी एक विचारलंय: मित्रांच्या फेकलेल्या डिस्पोजेबलमधले लिथियम सेल काढून वापरता येतील का? वाया जातात हे पाहून मलाही वाईट वाटतं. १ जून २०२५ पासून इथे सिंगल-यूज व्हेपच्या विक्रीवर बंदी आली त्यामागे हा कचरा मोठं कारण होतं. पण त्यातले बरेच सेल एकदाच वापरायचे म्हणून बसवलेले असतात. चार्जिंगचं सर्किट नाही, संरक्षण नाही, सेलवर धड रेटिंग नाही. उघडताना स्क्रूड्रायव्हर सेलला लागला तर हातातच पेटतो. ते दुकानाच्या रिसायकलिंगच्या डब्यात टाका.

हात शिवशिवत असतील तर कॉइलकडे वळा. रीबिल्डेबल टाकी घ्या, म्हणजे जिच्यात आपण बनवलेली कॉइल बसते. २६ गेजची कँथलची (तापणाऱ्या मिश्रधातूची) तार, ३ मिलिमीटरच्या दांड्यावर सहा वेढे. साधारण ०.८ ओहम येतं. मॉडच्या स्क्रीनवर ओहम पाहा, आकडा हलत असेल तर कॉइलच्या पायाचा स्क्रू सैल आहे. मग दहा वॅटवर बटण थोडं थोडं दाबा. कॉइल मधून तांबूस व्हायला लागून दोन्ही कडांकडे सारखी उजळली पाहिजे. एकच वेढा आधी लाल होत असेल तर चिमट्याने हळूच चेपून वेढे सारखे करा. मग लिक्विड शोषणारा कापूस कॉइलच्या पोकळीतून असा ओढा की किंचित अडखळत सरकेल. फार घट्ट झाला तर लिक्विड पोचत नाही आणि घशाला चटका बसतो, फार सैल झाला तर गळतं. पहिल्या चार-पाच कॉइल बिघडतील. त्यानंतर जी जमते तिची चव तयार कॉइलला येत नाही, आणि तारेचं एक रीळ वर्षभर पुरतं. घरी बनवण्यातले पैसे वाचतात ते इथे, आणि चूक झाली तर मॉडची चिप तुम्हाला सांभाळते.

लिक्विड मात्र ओळखीच्या दुकानातलंच घ्या. २०१६ च्या नियमांनुसार इथे निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नाही, बाटली १० मिलिलिटरची, टाकी २ मिलिलिटरची. स्वयंपाकाचं तेल किंवा तेलात विरघळवलेला कुठलाही इसेन्स त्यात घालू नका. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगशी जोडलेल्या फुप्फुसाच्या आजाराने अडीच हजारांहून जास्त लोक, बहुतेक तरुण, दवाखान्यात आले, फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यात मुख्य धागा सापडला तो अनधिकृत गांजाच्या काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा.

हे सगळं सिगारेट ओढणाऱ्यासाठी. एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं म्हणणं असं की व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, निर्धोक नाही. तुमच्या रूमवर कोणी सिगारेट न ओढणारा असेल तर त्याच्या हातात देऊ नका. इंग्लंडमध्ये २०२३ ला ‘स्वॅप टू स्टॉप’ योजना जाहीर झाली, सिगारेट सोडणाऱ्याला स्टार्टर किट मोफत. बर्मिंगहॅमच्या स्टॉप स्मोकिंग सेवेत आधी चौकशी करा. कदाचित मॉड विकतही घ्यावा लागणार नाही. मी १८ मिलिग्रॅमपासून सुरू करून ३ वर आलोय, शून्यावर यायचंय.

सुट्टीला घरी जाल तेव्हाचंही लिहितो. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा सगळ्यावर बंदी आहे, आणि उत्पादनात नुसती जुळणीही येते, सुटे भागही येतात. उत्पादन, आयात किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुण्यातल्या माझ्या मावसभावाने ‘दादा, सर्किट पाठव, मी इथे जोडतो’ म्हटलं तेव्हा त्याला हेच सांगून नाही म्हटलं. त्याच्यासाठी तिथे डॉक्टरांकडून निकोटीन गम सुरू केलं. बॅगेत एखादी जुनी टाकीसुद्धा राहिली नाही ना, ते विमानतळाला निघायच्या आधी बघा. मी माझा मॉड इथेच टेबलाच्या खणात ठेवतो, सेल बाहेर काढून, डबीत घालून.