शेक संपले, पण घास उतरत नाही

भाऊ, घशावरचे शेक (कॅन्सरसाठीचं रेडिएशन) संपले म्हणून वडिलांचं गिळणं लगेच सुटेल असं धरू नका. लाळ आटलेली असते, घशाचे स्नायू आखडतात. नाकातून जेवणाची नळी आहे म्हणून तोंडाचं सगळंच बंद करणं ही मोठी चूक. डॉक्टरांनी मुभा दिली असेल तर रोज थोडं तरी गिळायला लावा.

ज्वारीची भाकरी कोरडी नकोच. पापुद्रा काढून आतला मऊ भाग गरम वरणात दहा मिनिटं भिजवा, चांगला कुस्करा, वर चमचाभर तूप. चमचा तिरका केला की गोळा एकसंध घसरावा. पाणी वेगळं सुटलं तर ठसका ठरलेला. ठेचा तूर्त विसरा.

सगळ्यात फसवं साधं पाणी. ताठ बसून, एकेक छोटा घोट. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणं काहींना मानवतं, सगळ्यांना नाही. स्पीच थेरपिस्टकडून (बोलण्या-गिळण्याचे तज्ज्ञ) आधी तपासून घ्या. जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

ठसका नाही म्हणजे ठीक, असंही नसतं. घशाची जाणीव बोथट झाली की अन्न गुपचूप श्वासनळीत जातं. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता वाटला किंवा ताप येऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.