तोक्योच्या नाकानो ब्रॉडवे या दुकानांच्या इमारतीत पहिल्यांदा जाताना कुठून सुरुवात करावी?

दुपारी बारानंतरच जा, बरीच दुकानं उशिरा उघडतात. नाकानो स्टेशनच्या उत्तर दारातून निघालात की सन मॉल या छत असलेल्या बाजारगल्लीतून सरळ चालत पोहोचता. इमारत १९६६ची; दुकानं तळघरापासून चौथ्या मजल्यापर्यंत, वर लोक राहतात. आत शिरल्यावरचा सरकता जिना दुसरा मजला वगळून थेट तिसऱ्यावर नेतो, तेव्हा गोंधळू नका. तिथून जिन्याने खालीवर फिरा. मांदाराके या जुन्या मांगा-खेळण्यांच्या साखळीची दुकानं मजलोमजली विखुरलेली आहेत. जुन्या मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, पत्र्याची खेळणी, ॲनिमेशनची मूळ चित्रं काचेआड मांडलेली असतात. किमतीच्या चिठ्ठ्या नीट वाचा, वस्तूची अवस्था त्यावरच लिहिलेली असते. तळघर मात्र चुकवू नका! भाजी-मासळीच्या दुकानांशेजारी डेली चिको या दुकानात आठ थरांचं आइस्क्रीम मिळतं. दोघांत एकच घ्या, भराभर वितळतं.