ईएपीला फोन करायचा की नाही?

ईएपी म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेली समुपदेशनाची सेवा. नोकरीला लागून तुला चारच महिने झालेत, म्हणून तिथे फोन करायची भीती साहजिक आहे: 'एचआरला कळलं तर?' मीही ह्याच भीतीपायी वर्षभर नंबर फिरवला नव्हता. बाबांच्या आजारपणात झोप पार उडाली, तेव्हा एकदा पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, "आत्ता मोकळेपणी बोलता येईल ना?" त्या एका प्रश्नाने मला रडू फुटलं.

समुपदेशक बहुतेक ठिकाणी बाहेरच्या संस्थेचे असतात. कंपनीकडे साधारणपणे एकूण किती जणांनी सेवा वापरली एवढाच आकडा जातो, नावं नाहीत. तरी पहिल्याच फोनवर स्पष्ट विचार: नोंदी कोण पाहतं, किती सत्रं मोफत, घरच्यांनाही ही सेवा वापरता येते का, मराठीत बोलता येईल का? जिवाला धोका दिसला तर मात्र गुप्तता मोडावी लागते, तेही ते सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही गुप्ततेचा हक्क आहे आणि हा अपवादही.

ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल वापरू नकोस. स्वतःचा फोन घे.

आणि कर्ज, घटस्फोट, सासरचा ताण, ह्यासाठीही फोन करता येतो बरं. वेड लागल्यावरच जायचं असं काही नसतं. पहिल्या समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर बदलून माग, संकोच करू नकोस.

कंपनीवर विश्वासच बसत नसेल, तर फोनवर मानसिक आधार देणारी सरकारची टेली-मानस सेवा आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. आज रात्री झोप लागली नाही तर तिथे फोन कर.